बेकु म्हंजे नको

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी माणसं निदान आभाळाकडं बघत तरी होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी तेही सोडून दिलं. सीना नदीच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळायची, आणि रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो मिळायचा, म्हणजे तिकडची लाल ज्वारी. त्या मिलोची भाकरी थापताना चिरायची, भाजली की दगडासारखी व्हायची, आणि पोटात गेल्यावरसुद्धा आपण तिथं आहोत हे दिवसभर कळवत राहायची.

अशा दिवसांत महिपतीच्या घरात चौदा पोरं होती. तीन भाऊ एकत्र. थोरला महिपती, त्याच्या पाठीवर कुंडलिक, आणि सगळ्यांत धाकटा बिनलग्नाचा ज्ञानबा. त्यामुळं चौदाचा हिशोब पहिल्या दोघांनीच पुरा केला होता. सोजर ही कुंडलिकाची लेक. वय बारा, आणि चौदांत जागा मधली. पाणी आणायचं असलं की ती मोठ्यांत मोडायची आणि गूळ वाटायचा असला की मोठी म्हणून वगळली जायची. तुला काय पाहिजे गं, असं तिला कधी कुणी विचारलेलं नव्हतं. मुद्दाम नव्हे. एवढ्या पोरांना एकेक करून विचारत बसलं असतं तर दिवस मावळला असता.

घरावर राज्य होतं सारजाबाईचं. ती महिपतीची बायको. लहानथोर सगळी तिला जिजी म्हणत, आणि पोरं महिपतीला आबा. जिजीला भुकेची भीती नव्हती, पण भूक लोकांना दिसण्याची फार होती. मागच्या साली मोहोळला एका जावळाच्या जेवणाला सगळं घर गेलं, चौदा पोरं ओळीनं पंगतीला बसली आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आली बाबा टोळधाड." जिजीनं ते ऐकलं. त्या दिवशी ती स्वतः जेवली नाहीच, आणि घरी आल्यावर तिनं कायदा केला. कुठंही जेवायला गेलं की वाढप्यानं पहिल्यांदा विचारल्यावर नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारल्यावर नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर मान खाली घालून, नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं.

नुसता कायदा करून ती थांबली नाही. तिनं तालीम सुरू केली. संध्याकाळी अंगणात चौदा पोरं मांडी घालून बसायची. पुढं पळसाचं एकेक पान. ज्ञानबा रिकामी बादली आणि पळी घेऊन ओळीतनं फिरायचा.

"जिलबी घ्या, जिलबी."

"नको."

"घ्या की वाईच."

"नको, नको."

तिसऱ्या फेरीला ज्ञानबा पळीनं पानात हवा वाढायचा आणि पोरं ती हवा खायची. एकदा सहा वर्षांच्या गुंडूनं पहिल्याच हाकेला पान पुढं केलं आणि मिटक्या मारायला लागला. जिजीनं त्याच्या टाळक्यात एक ठेवून दिली.

"खोटीच हाय की जिजी," गुंडू रडत म्हणाला.

"खोटीला आसा हात पसरतोस, मग खरीला काय करशील?"

ज्ञानबाचा सोजरवर जीव होता. तिच्या पानात तो दोन पळ्या हवा वाढायचा.

त्या साली महिपती घरी नसायचाच. वैरण संपली होती म्हणून तो दोन्ही बैल घेऊन सोलापूरजवळच्या गुरांच्या छावणीत जाऊन राहिला होता. तिथं त्याच्या दावणीला लागून मंद्रूपकडच्या वीरभद्रप्पाची दावण होती. वीरभद्रप्पा कानडी माणूस. त्याला मराठीचे दोन-चार शब्द येत, तेही अंदाजानं. महिपतीला कानडी मुळीच येत नव्हतं. पण दोघं दिवसभर बोलत. महिपती आपल्या बैलाच्या खुराबद्दल सांगायचा, वीरभद्रप्पा आपल्या लेकाच्या लग्नाबद्दल सांगायचा, आणि दोघंही एकमेकांना मान डोलवायचे. तीन महिन्यांत एकदाही भांडण झालं नाही. झालं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

वैशाखात महिपती एक दिवस घरी आला तो अंगणातनंच सांगत आला.

"वीरभद्रप्पाच्या पोराचं लगीन हाय. चूलबंद आवतन दिलंय. घरात एक बी मानूस ऱ्हायला न्हाय पायजे म्हनला."

चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सोजरला पोटात काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पण तो मिलोही असू शकत होता.

"त्यो कानडीत बोलला का मराठीत?" जिजीनं विचारलं.

"कानडीत."

"मग तुमाला कसं कळलं?"

"आता मला येतंय की कानडी," महिपती म्हणाला आणि टोपी काढून खुंटीला लावली. "तीन म्हैनं काय झोपा काढल्या व्हय?"

जिजीला एकदम घोर पडला. कानडी मुलूख. वाढपी कानडीत विचारणार. पोरं मराठीत नको म्हणाली आणि त्याला समजलंच नाही तर? उगं तोंडाकडं बघत बसलेली दिसतील. तिनं महिपतीला विचारलं, कानडीत नको कसं म्हणायचं.

"बेकु," महिपती झटकन म्हणाला. "बेकु म्हंजे नको."

"नक्की?"

"आगं, रोज म्हनतोय मी. वीरभद्रप्पा चंची पुढं करतो, तंबाकू घे म्हनतो. आपन भिडंपोटी हात आडवा करायचा आन् म्हनायचं, बेकु. पर त्यो देवमानूस हाय. कितीबी बेकु म्हना, आयकतच न्हाय. आर्धी चंची हातावर वततो. सगळीच मानसं तशी. एकाला चा बेकु म्हनलं तर त्यानं दोन कप पाजला."

खरं तर छावणीतली माणसं हात पुढं करून बेकु म्हणायची, आणि महिपतीला वाटायचं हात आडवा करतायत. पण हे त्या वेळी अंगणात कुणाला ठाऊक असणार? जिजीनं त्याच संध्याकाळी तालीम कानडीत घेतली. ज्ञानबा रिकामी बादली घेऊन फिरला आणि चौदा पोरं पानावर हात आडवा धरून एका सुरात म्हणाली, "बेकु, बेकु." गुंडूला तो शब्द इतका आवडला की तो झोपेतही म्हणत होता.

लग्नाच्या दिवशी सगळी छावणीवर आली, आणि तिथं कडबा टाकून मंद्रूपकडं रिकामी जाणारी ट्रक महिपतीनं गाठली. बैलांजवळ कुंडलिक थांबला. बाकी सगळं घर हौद्यात चढलं. उन्हातनं धुळीत माखून सगळी वीरभद्रप्पाच्या मळ्यात उतरली, तेव्हा जिजीनं पदराच्या टोकाला थुंकी लावून चौदाही तोंडं पुसली, आणि शेवटचं बजावलं.

"ध्यानात ठिवा. मोहोळ करू नगा."

वीरभद्रप्पा मांडवाच्या दारातच उभा होता. उंच, कपाळाला विभूतीचे पट्टे, मिशा पांढऱ्या. त्यानं महिपतीला मिठी मारली आणि कानडीत बरंच काही बोलला. महिपती मराठीत बरंच काही बोलला. मग पंगत बसली. एका बाजूला गडीमाणसं, समोरच्या ओळीत बायका-पोरं. सोजरच्या एका बाजूला जिजी, दुसऱ्या बाजूला गुंडू, आणि बरोबर समोर महिपती.

पहिल्यांदा न विचारताच सगळं पानात आलं. भात, आमटी, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी, आणि हुग्गी. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. गुळाची, घट्ट, वर वेलदोड्याचा वास. सोजरनं गहू कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तिनं बोटानं थोडी चाटली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पानातली हुग्गी संपलेली होती.

वाढपी बादली घेऊन परत आला. "बेकेन?"

जिजीनं डोळ्यानं खूण केली. चौदा हात पानांवर आडवे झाले.

"बेकु, बेकु."

वाढप्यानं आडव्या हातांकडं बघितलं, तोंडांकडं बघितलं, आणि हात बाजूला सारून सगळ्यांना पळीभर वाढलं. जिजी चपापली. दुसऱ्यांदा विचारणं नाही, तिसऱ्यांदा विचारणं नाही. तिनं आपलं पान झाकून ठामपणे म्हटलं, "बेकु." तिला दोन पळ्या मिळाल्या.

"काय आग्रहाची मानसं हायती," ती सोजरच्या कानाशी पुटपुटली. "जोरात म्हना रे. हळू म्हनल्यावर ऐकत न्हायती."

मग पोरं जोरात म्हणायला लागली. भात आला, बेकु. आमटी आली, बेकु. पुन्हा हुग्गी आली, तेव्हा गुंडू दोन्ही हात पानावर उपडे टाकून ओरडला, "बेकु, बेकु, बेकु." वाढप्यानं त्याच्या हातांसकट पान भरलं. पलीकडच्या पंगतीतली माणसं माना वळवून बघायला लागली. जिजीला वाटलं, आपल्या पोरांचं वळण बघतायत. ती ताठ बसली.

सोजरच्या वयाचीच एक पोरगी तांब्या घेऊन पाणी वाढत होती. परकर, कानात बुगड्या. ती वीरभद्रप्पाची पुतणी ईरम्मा. मंद्रूपच्या शाळेत जायची, म्हणून तिला मराठी येत होतं. ती सोजरपाशी वाकली.

"तुमी लई दिसाचं उपाशी हाव काय?"

"का?"

"सगळीजनं बेकु बेकु करायलाव की."

"मग? नको तर म्हंतोय."

ईरम्मानं तिच्याकडं बघितलं. मग ती हसायला लागली आणि तांब्यातलं पाणी सोजरच्या भातात सांडलं. "आगं, बेकु म्हंजे पायजे. नको म्हंजे बेडा."

सोजरचा घास हातातच राहिला. तिनं ओळीकडं बघितलं. भावंडं पानावर हात ठेवून पाहिजे, पाहिजे म्हणून ओरडत होती आणि सगळ्यांत मोठा आवाज जिजीचा होता.

"जिजी," ती हळूच म्हणाली.

"जेवताना बोलू ने."

"जिजी, आगं बेकु..."

"आता न्हवं. वाढपी आल्यावर म्हन."

तेवढ्यात वाढपी आलाच. "बेकेन?" त्यानं सोजरला विचारलं. आणि सोजरची जीभ अडकली. आत्तापर्यंत तिनं तो शब्द बेधडक म्हटला होता. आता त्याचा अर्थ कळला होता, आणि पाहिजे असं परक्या माणसाला तोंडावर म्हणायचं, हे तिनं जन्मात केलं नव्हतं. बेडा म्हणावं तर तो खराच जाणार. ती नुसती बघत राहिली. वाढपी पुढं गेला. गुंडू बेकु म्हणाला, त्याला मिळालं. जिजी बेकु म्हणाली, तिला मिळालं. सगळ्या ओळीत हुग्गी नसलेलं पान एकट्या सोजरचं, आणि शब्दाचा खरा अर्थ ठाऊक असलेली तीच एकटी.

पुढच्या फेरीलाही तेच झालं. बादली समोर आली, वेलदोड्याचा वास आला, आणि गेली. गुंडूच्या पानातली हुग्गी ओघळून तिच्या पानाच्या काठाला लागली. तिनं ती सुद्धा चाटली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या फेरीला वाढपी तिच्यापुढं वाकला आणि थांबला. कदाचित त्याला तिची कीव आली असेल. "बेकेनम्मा?"

सोजरनं हात मांडीवर घेतले. त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"बेकु," ती म्हणाली.

त्यानं वाढलं. मग भुवया उंचावून विचारलं, "इन्नू?" हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण पळी अजून बादलीत होती.

"बेकु," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा सवयीनं.

ती हुग्गी तिनं सावकाश खाल्ली. शेवटच्या घासाला वर बघितलं, तर समोर महिपतीची अवस्था बघण्यासारखी झाली होती.

वीरभद्रप्पा स्वतः बादली घेऊन मित्राला वाढायला आला होता. महिपतीच्या कपाळावर घाम, धोतराची गाठ सैल, डोळे बाहेर आलेले. "बेकु," तो म्हणाला. वीरभद्रप्पानं वाढलं. "आरं बेकु, वीरभद्रप्पा, बेकु." वीरभद्रप्पानं आणखी वाढलं, वर तूप सोडलं. महिपतीनं कसंबसं ते संपवलं, कारण पानात टाकायचं नाही हाही जिजीचा कायदा होता. मग त्यानं पोटावर हात ठेवून मराठीत सांगून बघितलं, "लई झालं." वीरभद्रप्पाचा चेहरा उजळला. छावणीत जेवण झाल्यावर महिपती रोज पोटावर हात फिरवून लई झालं म्हणायचा, आणि वीरभद्रप्पानं त्याचा अर्थ फार चवदार झालं असा लावून ठेवला होता. त्यानं दोन पळ्या वाढल्या.

महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं खरकटे हात जोडले. "पाया पडतो बाबा, बेकु."

ते बघून वीरभद्रप्पाचेही डोळे भरले. दुष्काळानं आपल्या मित्राचं हे काय करून ठेवलं, जेवणासाठी हात जोडायची पाळी आली, असं काहीसं तो आजूबाजूच्यांना कानडीत सांगायला लागला. मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणीतरी आतनं नवी बादली आणायला पळालं.

सोजर उठली. पंगतीतनं मध्येच उठणं हे जिजीच्या कायद्यात सगळ्यांत वाईट. पण आबा फुटेल असं तिला खरोखरच वाटलं.

"बेडा," ती ओरडली. "आबाला बेडा."

वीरभद्रप्पाची पळी हवेत थांबली. महिपतीनं पान दोन्ही हातांनी झाकलं आणि त्यावर छाती टेकली.

वीरभद्रप्पाची म्हातारी आई निंगव्वा खांबाला टेकून बसली होती. तिचं माहेर बार्शीकडचं, त्यामुळं मराठी तिला चांगलं येई. तिनं सोजरला जवळ बोलावलं. "काय गं पोरी, काय भानगड हाय?"

सोजरनं सांगितलं. आबा छावणीत कानडी शिकला तिथपासनं, रिकाम्या बादलीच्या तालमीपर्यंत. म्हातारी ऐकत होती आणि तिचे खांदे हलत होते. मग तिनं ते मोठ्यानं कानडीत मांडवाला सांगितलं. वीरभद्रप्पानं आधी बादली खाली ठेवली, मग तो स्वतः खाली बसला, आणि मिशा धरून हसायला लागला. मांडव हसला. वाढपी हसला. महिपतीलाही हसू आलं, पण त्याला ते सोसेना. तो हळूहळू एका कुशीवर कलला.

फक्त जिजी हसली नाही. तिनं पदर पार नाकापर्यंत ओढला होता. आतनं आवाज आला, "आवं, म्हंजे तीन म्हैनं तुमी त्या मानसाची तंबाकू मागून खाल्ली."

"मी नकोच म्हनत हुतो," महिपती आडव्यानंच म्हणाला.

निंगव्वा काठी टेकत आली आणि जिजीशेजारी बसली. "आवं बाई, लाजू नगा. औंदा जो पाव्हना येतो, त्यो आदी पातेल्यात डोकावतो आन् मग घरनं जेवून आलोय म्हनतो. माझ्या लेकाच्या हातातली पळी अवघडली हुती. आज कुनीतरी तोंड उघडून मागितलं. बरं वाटलं बगा त्येला."

जिजीचा पदर कपाळापर्यंत वर गेला.

परतीला तीच ट्रक होती. मंद्रूप मागं पडलं नाही तोच गुंडूनं पोट धरलं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. गुंडू डबा घेऊन बाभळीमागं गेला. तो आला तर दुसरी दोघं गेली. पुढच्या वळणावर पाच जणं. ड्रायव्हर म्हणाला, एवढ्या वेळात मी विजापूरला जाऊन आलो असतो. सूर्य कलला तेव्हा ट्रक एका ओढ्याशी उभी होती, निम्मं घर बाभळींत होतं, आणि जिजी रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. सोजर तिच्यापासनं हात लांब ठेवून उभी राहिली. पंगतीतनं उठल्याची बोलणी अजून बाकी होती.

"तुला कवा कळलं?" जिजीनं विचारलं.

"पानी वाढनारी म्हनली तवा. मी तुला सांगाय लागले हुते."

"आन् त्याच्या म्होरं तू काय म्हनलीस? बेडा?"

सोजरला खोटं सुचेना. "बेकु," ती म्हणाली. "दोनदा."

जिजी ओढ्याकडं बघत राहिली. ओढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती वाळू होती.

"हुग्गी बरी हुती," जिजी शेवटी म्हणाली. "गूळ जरा कमी पायजे हुता."

"मला बराबर वाटला."

"तुला काय कळतंय." पण तिनं दगडावर सरकून जागा केली, आणि सोजर बसली.

बाभळीमागनं महिपतीची हाक आली, पाणी आणा म्हणून. जिजीनं मान वळवून विचारलं, "पान्याला काय म्हनत्यात गं तिकडं?"

"नीरु. ईरम्मानं सांगितलं."

"ने जा त्येला नीरु. आन् म्हनावं, आता घरात कानडी बोलायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाच भूक नव्हती. जिजी सवयीनं पहाटे उठली, चुलीपाशी गेली, पिठाच्या डब्याला हात लावला आणि तसाच काढून घेतला. दुपारपर्यंत चूल पेटली नाही. दुष्काळ पडल्यापासनं तिला पहिल्यांदाच मोकळा वेळ मिळाला होता, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळेना. थोडा वेळ ती ओट्यावर बसली. मग आत झोपलेल्या महिपतीचा अंदाज घेऊन तिनं सोजरला बोलावलं, आणि खालच्या आवाजात विचारलं की भाताला काय म्हणतात, चटणीला काय म्हणतात, आणि त्या म्हातारीला आपल्याकडं जेवायला बोलवायचं झालं तर कसं म्हणायचं.